बेचाळिसावं भांडं

आमच्या एल्डरबी गावात माणूस गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळपासून दारात भांडी यायला लागतात. काचेची, झाकणाची, कडा करपलेली. कुणी चीज घातलेली मॅकरोनी आणतं, कुणी कोंबडीभात, कुणी मक्याचं पुडिंग. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी असते आणि तिच्यावर नाव, म्हणजे परत करताना घोळ होत नाही. ही मयताची भांडी रिकामी परत केली तरी चालतात. त्या घराकडून कुणी काही अपेक्षा करत नाही. पण एरवी कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. त्यात काहीतरी घालायचं, चार बिस्किटं का होईना. रिकामं भांडं परत आलं की समजायचं, पुन्हा येऊ नका.

आई ऑगस्टमध्ये गेली. एक्केचाळीस भांडी आली. मी अटलांटात ग्रंथालयात काम करते, याद्या करायची मला सवय आहे. दहा दिवसांत सगळी भांडी ज्याची त्याला पोचवली, यादीतलं शेवटचं नाव खोडलं आणि परत गेले.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आईचे कपडे आवरायला पुन्हा आले, तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक भांडं निथळत होतं. निळसर काचेचं, लांबट, मी कधीच न पाहिलेलं. उलटं करून बघितलं. चिकटपट्टी नवी होती. 'सी. प्रुइट'.

"डॅडी, हे कुणाचं?"

वडील फ्रीजच्या चकचकीत दारात बघून केस चापून बसवत होते. अंगात चौकटीचा नवा शर्ट. कॉलरच्या घडीची रेघ अजून मोडली नव्हती.

"कुठलं?"

"माझ्या हातात आहे ते."

"ते होय. भांडं आहे."

"ते दिसतंय मला."

"मग झालं तर." त्यांनी टोपी उचलली. "मी काकवीकडे चाललोय. उशीर झाला तर मळी काढायला दुसराच कुणीतरी उभा राहील."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दरवर्षी या आठवड्यात कोर्टासमोरच्या हिरवळीवर गुऱ्हाळ लागतं. गोड ज्वारीची धाटं घाण्यात घालतात, खेचर गोल गोल फिरतं आणि पसरट कढईत काकवी उकळत राहते. बाहेरगावहून माणसं येतात. गावातली जुनी घरं दाखवणाऱ्या पत्रकात आमच्या घराचंही नाव आहे, त्यामुळे ती आमच्याही फाटकाशी थांबून फोटो काढतात. चाळीस वर्षं वडील या आठवड्यात पडदे ओढून आत बसले. "घर आहे का प्राणिसंग्रहालय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पायऱ्यांवर भोपळे मांडायची ती आई.

आता पायऱ्यांवर नऊ भोपळे होते, मोठ्यापासून लहानापर्यंत. ते त्यांनी मांडले होते.

आईचं कपाट उघडलं. तपकिरी कोट पहिल्यांदा काढला, कारण तो काढणं सर्वात कठीण जाणार होतं. खिशात पेपरमिंटची गोळी, चुरगळलेला रुमाल, भुईमुगाची दोन काळवंडलेली टरफलं आणि पेंढ्याची एक काडी. मी ते सगळं बशीत ठेवलं. शेंगा आईला आवडत नसत. पण मी त्यावर फार विचार केला नाही, कारण कोटाच्या शेजारच्या हँगरवर वडिलांचं जाकीट होतं आणि त्याच्या वरच्या खिशातून एक कागद डोकावत होता.

दुसऱ्याचा कागद वाचू नये हे मला कळतं. मी वाचला.

वडिलांचं अक्षर. सहा ओळी.

'१. काकवी. मळीची पळी मागून घेतली.
२. उकडलेल्या शेंगा. कोर्टाची पायरी. मोठी पिशवी.
३. ट्रॅक्टरची फेरी. पेंढ्यांवर, सगळ्यात मागे.
४. मक्याचा भुलभुलैया. दर वळणाला डावीकडे.
५. पेकन, शाळेमागे. एप्रन भरून.
६.'

सहाव्या ओळीपुढे काहीच नव्हतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीवर बरोबरची खूण होती.

मी पाचवी ओळ पुन्हा वाचली. शाळेमागे पेकनची झाडं आहेत, अक्रोडासारखी फळं येतात त्यांना; पण माझे वडील एप्रन बांधत नाहीत.

*

ट्रूडी स्टॅन्सेल आमच्या शेजारी राहते. आईच्या वयाची. तिच्या ओसरीवरून सगळा रस्ता दिसतो आणि जे तिथून दिसत नाही तेही तिला कळतं. मी भोपळ्यांवरची धूळ पुसायला बाहेर आले तशी ती कुंपणाशी आली.

"अगं डेलिया, वाळलीस किती! तिकडे शहरात खायला देत नाहीत का?"

"देतात, मिस ट्रूडी. मिस ट्रूडी, सी. प्रुइट कोण?"

तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. एवढ्यात तिचा चेहरा तीनदा बदलला.

"कोरीन प्रुइट. शाळेची बस चालवायची. जुन्या गिरणीपाशी राहते, पिवळं दार आहे बघ. दोन नवरे पुरलेत तिने." तिने आवाज खाली आणला. "मी काही बोलत नाही हं. माझी सवय नाही ती."

"माहीत आहे मला."

"पण सप्टेंबरपासून दर आठवड्याला भांडं जातंय नि येतंय. इकडून बटाट्याचं सॅलड, तिकडून पीच घातलेला केक. आणि तुझ्या बापाला, हॉलिसला, अंडं उकडता येत नव्हतं, डेलिया! बटाट्याचं सॅलड करतोय माणूस!"

"आईची मैत्रीण होती का ती?"

"वायोलाची? मी तरी कधी दोघींना एकत्र बघितलं नाही. वायोलाच कुठे दिसायची? गेल्या वर्षी पानं पिवळी व्हायला लागली तेव्हापासून गुरुवारी गोधड्या शिवायला यायचीच बंद झाली."

"मिस ट्रूडी, आई दर गुरुवारी गोधड्यांना जात होती. फोनवर सांगायची मला."

"मग भुताबरोबर शिवत असेल." ती हसली आणि लगेच गप्प झाली. "डोळ्यांमुळे येत नसेल, असं वाटलं आम्हाला. सुईत दोरा कुठे जात होता तिच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुसतं पुढे ढकलत होती. गेल्या वर्षी याच आठवड्यात बँकेपुढे सजवून ठेवलेल्या बुजगावण्याला पाद्री समजून 'गुड मॉर्निंग, रेव्हरंड' म्हणून पुढे गेली बघ. आम्ही पोट धरधरून हसलो. तीही हसली."

मी फडकं झटकलं आणि आत आले. आईने माझ्याशी खोटं बोलावं हे मला पटत नव्हतं. वडिलांनी बोलावं हे पटायला लागलं होतं.

*

दुपारी वडील जेवायला आले आणि ते जाकीट, मी परत ठेवलेल्या कागदासकट, घालून गेले. मागोमाग मीही कोर्टाकडे गेले. प्रत्येक दिव्याच्या खांबाला एकेक बुजगावणं बांधलेलं होतं. दरवर्षी दुकानं पैज लावल्यासारखी ती सजवतात. दातांच्या डॉक्टरच्या बुजगावण्याला मक्याच्या दाण्यांचे दात होते. हवेत धूर आणि साखर करपल्याचा वास.

वडील कढईपाशी होते. लांब दांड्याची पळी धरून हिरवट फेस काढत होते, आणि तेही इतकं लक्ष देऊन की जणू कुणी परीक्षा घेतंय. कढईच्या पलीकडे एक बाई उभी होती. उंच, खांदे रुंद, केस आखूड कापलेले. ती काहीतरी म्हणाली. वडील हसले.

मोठं नव्हतं ते हसू. पण ऑगस्टनंतर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि पहिल्यांदा पाहिलं ते या बाईसमोर.

मी एका बुजगावण्याच्या आडोशाला उभी राहिले. त्रेचाळीस वर्षांची बाई, पेंढ्याच्या माणसामागे लपून आपल्या बापावर नजर ठेवतेय. पळी दुसऱ्याच्या हातात देऊन वडिलांनी खिशातून कागद काढला आणि पहिल्या ओळीवर खूण केली. बाईने मान हलवली. मग ते एकटेच चालू लागले, आणि ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

हे मला समजलं नाही. प्रेमात पडलेली माणसं कामं उरकल्यासारखी खुणा करत नाहीत. पण राग आला की माणूस जे समजलं नाही ते बाजूला ठेवतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी रताळी उकडली.

"आई रताळ्यांचं पुडिंग कसं करायची, आठवतं तुला? दालचिनी आधी की नंतर?"

"कुणासाठी करताय?"

"रताळी आहेत घरात. म्हणून."

"कुणासाठी, डॅडी?"

"अगं, सगळ्याला कुणासाठी कशाला लागतं?" त्यांनी गॅस बंद केला. "मी न्हाव्याकडे जाऊन येतो. तोवर निवतील."

पुन्हा न्हावी. तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा, हेही मला ट्रूडीकडूनच कळलं होतं.

दार लागल्यावर मी निळसर भांडं उचललं. ते स्वच्छच होतं, तरी पुन्हा धुतलं, कोरडं पुसलं. रताळी पातेल्यात वाफाळत होती. आईचं पुडिंग, आईच्या ओव्हनमध्ये, दुसऱ्या बाईच्या भांड्यात. मी पातेल्यावर झाकण घातलं आणि भांडं रिकामंच घेऊन निघाले.

पिवळं दार उघडंच होतं. कोरीन प्रुइट ओसरीवर पेकन फोडत बसली होती. मी पायऱ्या चढले तशी उठली, हात मांडीला पुसले.

"तू डेलिया."

"हो. तुमचं भांडं."

तिने दोन्ही हातांनी ते घेतलं. आत बघितलं. मग माझ्याकडे.

"रिकामं आहे."

"हो."

"हॉलिसला माहीत आहे?"

"मी आमच्या घराच्या वतीने आलेय."

मला वाटलं रागावेल, निदान लाजेल. ती भांड्याच्या काठावरून अंगठा फिरवत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "स्वच्छ धुतलंयस." आणि आत गेली. पिवळं दार तिने लावलं. आपटलं नाही.

परत येताना मला हलकं वाटलं. बँकेपुढच्या बुजगावण्याशी येईपर्यंत तरी वाटलं.

*

वडील आले तेव्हा मी आईचे मोजे जोडीजोडीने लावत होते. ओट्यापाशी त्यांची पावलं थांबली. एक कपाट उघडलं, मग दुसरं.

"डेली, निळं भांडं कुठंय?"

"परत दिलं."

"पुडिंग घालून?"

मी पुढचा मोजा उचलला. ते खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. मानेवर न्हाव्याची पावडर तशीच होती.

"रिकामं दिलंस?"

"हो. तुम्हाला जमत नव्हतं, म्हणून मी केलं. आईला जाऊन दोन महिने झालेत, डॅडी. दोन. आणि तुम्ही एप्रन भरभरून पेकन गोळा करायला—"

"तो तुझ्या आईचा एप्रन."

ते पलंगाच्या कडेवर बसले. आईचा कोट पसरून ठेवला होता, त्याच्यावरच. मग उठून कोट बाजूला सारला आणि पुन्हा बसले.

"तुझ्या आईला तिच्या आजाराचं गेल्या ऑक्टोबरमध्येच कळलं होतं," ते म्हणाले. "आपल्याला फेब्रुवारीत सांगितलं. माझं हृदयाचं ऑपरेशन नुकतं झालेलं, म्हणून मला सांगायचं नाही असं तिने ठरवलं. सहा गुरुवार ती अटलांटाला दवाखान्यात गेली. कोरीन घेऊन जायची. दिसत नव्हतं ना तुझ्या आईला नीट, गाडी कशी चालवणार? आणि कोरीन कुणाकडे बोलत नाही हे तिने बरोबर हेरलं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोरीननेच. सप्टेंबरमध्ये भांडं घेऊन आली. मयताला आली नव्हती, गर्दी गेल्यावर आली. म्हणाली, वायोला परतीच्या वाटेवर म्हणायची, आत्ता घरी नको. मग दोघी काहीतरी करायच्या. काकवी बघायची, शेंगा खायच्या. लहान मुलांसारख्या. पहिल्या दिवशी तिने मला एक गुरुवार सांगितला. मी भांडं भरून परत नेलं. तिने दुसरा सांगितला."

"मग एकदाच सगळं का नाही विचारलं?"

"कसं विचारणार?" पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "माझी बायको कशी होती हे परक्या बाईला विचारू? एका भांड्याला एक. तेवढं मला झेपत होतं."

मी मोज्यांकडे बघत होते. मग म्हणाले, कारण माझा स्वभावच तसा आहे, "आणि ती हे सगळं रचून सांगत नसेल कशावरून?"

मला वाटलं ते चिडतील. त्यांनी मान हलवली.

"मलाही तेच वाटलं. म्हणून तर जाऊन बघतोय. घाण्यावरचा म्हातारा म्हणाला, हो, गेल्या वर्षी एका बाईने हट्टाने पळी मागून घेतली होती आणि मळी स्वतःच्या बुटावर सांडली. ट्रॅक्टरवाल्यालाही आठवते. फेरी संपली तरी उतरेना म्हणाला. दुसऱ्यांदा पैसे दिले." त्यांनी नाक पुसलं. "चाळीस वर्षं ती म्हणत होती, हॉलिस, एकदा चल ना कोर्टाकडे. मी पडदे ओढत होतो. बघू म्हटलं काय होतं तिथे."

मला बशीतली टरफलं आठवली. आणि पेंढ्याची काडी.

"कागदावर सहावा गुरुवार कोरा आहे," मी म्हणाले.

"तो ती सांगत नव्हती. गेले दोन आठवडे भांडं घेते, केक देते, आणि म्हणते, तो तुझा नाही, हॉलिस. मला वाटलं पुडिंग नेलं तर सांगेल. वायोलाचं पुडिंग." ते उठले. "आता राहिलं."

*

दालचिनी नंतर घालायची असते. मला माहीत होतं. मी रताळी सोलली, लोणी घातलं, कुस्करली. वडील टेबलाशी बसून बघत होते आणि मध्ये मध्ये म्हणत होते, "एवढं?" "हो, एवढंच." आईचं स्वतःचं भांडं वरच्या फळीवर होतं, पांढरं, एका कडेला टवका उडालेलं. बुडाला तिची चिकटपट्टी, पिवळी पडलेली. 'व्ही. गॅडी'. अक्षरं मोठी झाली होती, शेवटच्या वर्षातली.

चार वाजता मी ते घेऊन कोरीनकडे पोचले. दार लावलेलं होतं. मी ठोठावलं नाही, ओसरीवर उभी राहिले. शेवटी तिनेच उघडलं.

"मी चुकले, मिस कोरीन."

"गरम आहे का ते?"

"हो."

"मग हातात धरून का उभी आहेस? भाजेल." तिने फडक्याने भांडं घेतलं, डोक्याच्या वर उचललं आणि खालून चिकटपट्टी वाचली. बराच वेळ वाचली, दोन शब्द असून. "हे मला परत द्यावं लागणार."

"हो. पण रिकामं देऊ नका."

"मला शिकवू नकोस." पण तिने मला खुर्ची दिली.

आम्ही पुडिंग खाल्लं. तिने दोनदा घेतलं. समोर गिरणीमागची झाडं तांबडी झाली होती आणि कुठूनतरी शाळेच्या बँडचा सराव ऐकू येत होता, त्याच चार ओळी पुन्हा पुन्हा.

"सहावा गुरुवार," ती म्हणाली, "तुझा होता. हॉलिसला सांगून उपयोग नव्हता आणि तू काही येत नव्हतीस. त्या दिवशी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. बाहेर आलो तर वायोला म्हणाली, डेलियाच्या ग्रंथालयावरून घे. मी समोर गाडी लावली, रस्त्याच्या पलीकडे. म्हटलं, जा आत. ती म्हणाली, नको, आत गेले तर सांगावं लागेल, तिला चेहरा वाचता येतो. नुसती बघते."

मी चमचा खाली ठेवला.

"पाऊण तास बसलो. मग तू बाहेर आलीस, जेवायच्या सुट्टीत. पायरीवर बसलीस. एक बूट काढलास, खडा झटकलास. तो पिवळा स्वेटर होता तुझ्या अंगात. तुझी आई म्हणाली, बघ कोरीन, पिवळा किती शोभतो तिला, आणि बरी दिसतेय ना, चेहरा हसरा आहे. तेवढं बघून म्हणाली, चल आता. वाटेत रडली नाही. गाणं म्हणत होती."

माझ्याकडे पिवळा स्वेटर नाही. कधीच नव्हता. मला पिवळा रंग शोभत नाही, हे आईच म्हणायची. आणि दुपारची सुट्टी मी मागच्या खोलीत काढते. पायऱ्यांवर बसत नाही.

एकतर या बाईने हा गुरुवार रचला होता. किंवा आईने रस्त्यापलीकडे, बुजगावण्याला नमस्कार करणाऱ्या त्या डोळ्यांनी, दुसऱ्याच कुणाला तरी पोटभर बघून घेतलं होतं. मी कोरीनच्या चेहऱ्याकडे बघितलं. मला चेहरे वाचता येतात म्हणे. तिच्या हनुवटीला पुडिंग लागलं होतं आणि ती मी काय म्हणते याची वाट बघत होती.

"आहे का अजून तो स्वेटर?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "थंडी पडली की काढते."